माउंट करताना नुसते ‘डिफॉल्ट्स’ लिहून सोडू नका : जिनिंगच्या काटाघरातील एका मोकळ्या वायरीचा अनुभव

काटाघर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे आणि आसपासच्या तीन-चार संस्थांचे संगणक सांभाळतो. दसऱ्याच्या आधी कारखान्यात यंत्रांची साफसफाई सुरू झाली की मी संगणकांची तपासणी करून घेतो, कारण एकदा कापसाच्या गाड्या लागल्या की मार्चपर्यंत श्वास घ्यायला सवड मिळत नाही. यंदाच्या तपासणीत जे दिसले त्याने मी अस्वस्थ झालो. हीच मांडणी तुमच्यापैकी पुष्कळांकडे असणार, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मागच्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर आहे. काटाघरातील संगणक गाडीचे भरलेले आणि रिकामे वजन घेऊन काटापट्टी छापतो आणि तिची नोंद सर्व्हरवरील सामाईक फोल्डरमध्ये ठेवतो. लेखा विभाग त्याच नोंदींवरून कास्तकारांचे चुकारे काढतो. आधार कार्ड, बँक पासबुक आणि सातबारा यांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही तेथेच साठतात. काटाघराच्या आणि लेखा विभागाच्या, दोन्ही संगणकांवर हे फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर सामाईक करण्याची पद्धत) माउंट होते, म्हणजे स्वतःच्याच डिस्कवरचे असल्यासारखे जोडले जाते. एफएसटॅब या माउंटच्या यादीच्या फाइलमधील ओळीत पर्यायांच्या जागी फक्त ‘डिफॉल्ट्स’ लिहिलेले होते, आणि सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये, म्हणजे कोणते फोल्डर कोणाला द्यायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये, संपूर्ण नेटवर्कला वाचण्या-लिहिण्याची परवानगी दिलेली होती. ही मांडणी माझ्या आधीच्या माणसाने केली होती, आणि मी ती दोन हंगाम चालू दिली.

काटाघराच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, एक छोटा नेटवर्क स्विच आहे. त्याच्यावर रुईच्या तंतूंचा बोटभर थर बसलेला असतो. पूर्वी तेथे दुसरा संगणक होता. तो हलवला, पण त्याची वायर तशीच खाली लोंबत राहिली. गाडीवाले काटापट्टी घेण्यासाठी याच खिडकीशी उभे राहतात. मी ती वायर माझ्या लॅपटॉपला लावली आणि शोमाउंट ही आज्ञा दिली. सर्व्हरने आपली सगळी सामाईक फोल्डरे मला सांगून टाकली. त्यातले एक मी माउंट केले. पासवर्ड कोणी विचारला नाही. पहिलीच फाइल उघडली ती एका कास्तकाराच्या पासबुकाची होती. खाते क्रमांक, फोटो आणि सहीच्या जागी उमटवलेला अंगठा, सगळे स्पष्ट दिसत होते.

येथे मी कोणतीही युक्ती केलेली नव्हती, हे नीट लक्षात घ्यावे. एनएफएसची नेहमीची ओळख-पद्धत, जिला ऑथ-सिस म्हणतात, ती वापरकर्त्याचा क्रमांक पाठवते आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. उबुंटू किंवा डेबियन बसवताना तयार होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्याला 1000 हा क्रमांक मिळतो. सर्व्हरवरील लेखनिकाचा क्रमांक 1000 होता आणि माझ्या लॅपटॉपवरील माझाही 1000. त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने मीच लेखनिक होतो. क्रमांक जुळला नसता तरी काही अडले नसते, कारण स्वतःच्या लॅपटॉपवर ज्याच्याकडे रूटचा, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचा, अधिकार आहे तो हवा तो क्रमांक धारण करू शकतो.

सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये एनएफएस आणले तेव्हा नेटवर्कवरची यंत्रे मोजकी होती आणि त्यांच्यावरचा रूट अधिकार ओळखीच्या प्रशासकाकडे असे. त्या परिस्थितीत क्रमांकावर विसंबणे चालून गेले. आज आमच्या कारखान्यात ज्या राऊटरवर सर्व्हर आहे त्याच राऊटरचे वाय-फाय व्यापारी आणि गाडीवाले वापरतात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. एफएसटॅबमधील ‘डिफॉल्ट्स’ या शब्दात लिहिण्याची मुभा, सेटयूआयडी (चालवणाऱ्याऐवजी फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणारे प्रोग्राम) चालण्याची मुभा, उपकरण-फाइलींना मान्यता आणि प्रोग्राम चालवण्याची मुभा हे सगळे येते. म्हणजे सर्व्हरवर कोणी रूटच्या मालकीची सेटयूआयडी फाइल ठेवली, तर ती काटाघरातील संगणकावर रूट होऊन चालेल. ज्या फोल्डरमध्ये फक्त काटापट्ट्या आणि चित्रे ठेवायची आहेत, तेथून प्रोग्राम चालवण्याची गरज कधीही पडत नाही. सेटयूआयडी, उपकरण-फाइली आणि प्रोग्राम यांची मुभा अनुक्रमे काढून घेणारे ‘नोसुइड’, ‘नोडेव्ह’ आणि ‘नोएक्झेक’ हे तीन शब्द लिहायला अर्धे मिनिट लागते.

आपल्याकडे अशी माउंट कोणी कशी बांधली आहेत आणि मी पुढे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

धुऱ्यावरून

भाऊ, आपण मनापासून लिहिले आहे, तरी एक शंका मांडतो. मी यवतमाळ जिल्ह्यात एका पतसंस्थेचे आणि दोन ग्रामपंचायतींचे काम पाहतो. आमच्याकडे दिवसातून चार वेळा वीज जाते, इंटरनेट आले तर आले, आणि कार्यालयात येणारा प्रत्येक माणूस तोंडओळखीचा असतो. अशा ठिकाणी कोण येऊन एनएफएस माउंट करणार? शिवाय माझ्या वाचनाप्रमाणे एनएफएसची चौथी आवृत्ती क्रमांकाऐवजी वापरकर्त्याचे नाव पाठवते. मग चौथी आवृत्ती वापरली की हा प्रश्न मिटत नाही का? आमच्याकडे रूट स्क्वॉशही चालू आहे.

काटाघर (धागाकर्ता)

आपल्या तिन्ही मुद्द्यांना उत्तर देतो.

चौथ्या आवृत्तीत नावे येतात ती फाइलचा मालक दाखवण्यासाठी आणि बदलण्यासाठी. फाइल उघडू द्यायची की नाही हे ठरवताना सर्व्हर विनंतीसोबत आलेली ओळख पाहतो, आणि ऑथ-सिस असेल तर ती ओळख म्हणजे तोच क्रमांक असतो. मी लॅपटॉपवरून केलेले माउंट चौथ्या आवृत्तीचेच होते.

रूट स्क्वॉश चालू असणे चांगले आहे, ते बंद कधीच करू नये. पण त्याचे काम मर्यादित आहे. दूरच्या यंत्रावरचा रूट आला की सर्व्हर त्याला ‘नोबडी’ म्हणजे बहुतेक ठिकाणी 65534 या क्रमांकावर उतरवतो. तो माणूस आपल्या लॅपटॉपवर रूटवरून 1000 झाला, तर स्क्वॉश त्याला हात लावत नाही. रूटच्या मालकीच्या फाइली सुरक्षित राहतात आणि लेखनिकाच्या फाइली उघड्या राहतात, आणि आपल्या संस्थांमध्ये जपण्यासारखे जे काही आहे ते सगळे लेखनिकाच्याच फाइलींमध्ये असते.

तोंडओळखीबद्दल मला जास्त तळमळीने लिहावेसे वाटते. आमच्या भागात ज्या फसवणुका मी पाहिल्या त्यात परका माणूस फार कमी वेळा होता. कोणाचा चुकारा किती झाला, कोणत्या खात्यात किती रक्कम येणार, कोणावर कर्ज आहे, या गोष्टी गावातल्याच माणसाला हव्या असतात. कास्तकार आपले पासबुक आपल्या हातात देतो तेव्हा त्याच्या दृष्टीने ते कपाटात जाते. आपण ते वायरीवर उघडे ठेवले आहे हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही.

जुनी चावी

मी अमरावतीत बरीच वर्षे सर्व्हरांचे काम केले, आता गावी असतो. धागा अतिशय गरजेचा आहे. काटाघर यांच्या लेखनात काही भर घालतो.

पहिली गोष्ट एका मोकळ्या जागेची. एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये यंत्राचा पत्ता आणि त्यापुढचा कंस यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवायची नसते. ती चुकून पडली, तर ओळीचा अर्थच बदलतो : त्या पत्त्याला फक्त मूळचे पर्याय लागू होतात, आणि कंसात लिहिलेली परवानगी जगातल्या प्रत्येक यंत्राला मिळते. फाइल डोळ्यांना बरोबर दिसते, माउंट चालते, कोणाची तक्रार येत नाही. एका संस्थेत अशी ओळ मी स्वतः पाहिली आहे. फाइल बदलल्यावर ‘एक्स्पोर्टएफएस’ ही आज्ञा सविस्तर पर्यायासह चालवावी आणि सर्व्हरला त्या ओळीचा काय अर्थ लागला ते वाचावे. फाइलमध्ये आपण काय लिहिले यापेक्षा सर्व्हरने काय घेतले हे पाहणे महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट फोल्डर आणि विभाजन (डिस्कचा स्वतंत्र भाग, पार्टिशन) यांच्या फरकाची. आपण एखादे उपफोल्डर सामाईक करतो आणि बाकीची डिस्क सुरक्षित आहे असे समजतो. आजच्या लिनक्सवर सबट्री चेक, म्हणजे मागितलेली फाइल सामाईक फोल्डरातलीच आहे ना ही तपासणी, मूळचाच बंद असतो, आणि त्याला कारण आहे. तो चालू केला तर उघड्या फाइलींची नावे बदलताना अडचणी येतात. परिणाम असा की फाइल हँडल (सर्व्हर फाइलला देतो ती ओळखखूण) अंदाजाने ओळखू शकणारा माणूस त्याच विभाजनावरील, पण सामाईक न केलेल्या फाइलींपर्यंतही पोहोचू शकतो. म्हणून सामाईक करायचा मजकूर नेहमी स्वतंत्र विभाजनावर ठेवावा. सर्व्हरची मूळ प्रणाली आणि कास्तकारांची कागदपत्रे एकाच विभाजनावर ठेवू नयेत.

तिसरी गोष्ट ‘नो रूट स्क्वॉश’ची, म्हणजे रूट स्क्वॉश बंद करण्याची. बॅकअप चालत नाही म्हणून लोक हा पर्याय घालतात आणि विसरून जातात. त्याचा अर्थ काय होतो पाहा. कोणीही आपल्या लॅपटॉपवर रूट होऊन त्या फोल्डरमध्ये शेलची (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची) एक प्रत ठेवतो, तिला सेटयूआयडीची खूण लावतो, आणि मग ते फोल्डर जेथे सेटयूआयडीची मुभा देऊन माउंट केलेले आहे किंवा जेथे त्याची मूळ डिस्क आहे अशा कोणत्याही यंत्रावर साध्या वापरकर्त्याने ती प्रत चालवली की तो रूट झाला. सर्व्हरवरचे मूळ विभाजनही ‘नोसुइड’ने माउंट करावे असे मी आग्रहाने सांगेन.

‘सिक्युअर’ नावाचा पर्याय मूळचाच चालू असतो, त्यामुळे काहींना धीर येतो. विनंती 1024 च्या खालच्या पोर्टवरून (नेटवर्कच्या क्रमांकित दारावरून) आली पाहिजे एवढाच त्याचा अर्थ. स्वतःच्या लॅपटॉपवर रूट असणाऱ्याला ते पोर्ट सहज मिळते.

शाळेचा संगणक कक्ष

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका ग्रामीण शाळेत शिकवते आणि आमच्या कक्षातील बारा जुने संगणकही मीच पाहते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सगळ्या मुलांची फोल्डरे ठेवली आहेत आणि ती एनएफएसने बाराही संगणकांवर माउंट होतात. आठवीच्या एका मुलाने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दुसऱ्या मुलीचे फोल्डर उघडून दाखवले. त्याने वाईट काही केले नाही, मला स्वतः येऊन सांगितले, पण मी हादरले.

मी कर्बेरॉस या पासवर्डाने ओळख पटवणाऱ्या पद्धतीबद्दल वाचले आणि सुट्टीत तो बसवूनही पाहिला. पहिल्या दिवशी चालला. रात्री वीज गेली आणि सकाळी एकाही मुलाला प्रवेश मिळेना. नेमके काय चुकले असेल?

जुनी चावी

ताई, घड्याळ चुकले असणार. कर्बेरॉसला दोन्ही यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक मूळच्या मांडणीत चालत नाही. जुन्या संगणकांच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, त्यामुळे वीज गेली की ते जुन्याच तारखेला उठतात. पाचव्या पिढीच्या आधीच्या रास्पबेरी पायमध्ये तर वेळ राखणारे घड्याळच नसते. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो अंदाजाने चालतो. इंटरनेट नसलेल्या सकाळी कर्बेरॉस अडणारच. पायला घड्याळाचा छोटा मॉड्यूल लावा, बारा संगणकांचे सेल बदला, आणि पायलाच कक्षाचा वेळ-सर्व्हर करा. कर्बेरॉसमध्ये तीन पायऱ्या असतात : पहिली फक्त ओळख पटवते, दुसरी मजकूर वाटेत बदलला नाही याची खात्री देते, तिसरी मजकूर गुप्तही ठेवते. घ्यायची तर तिसरी घ्या.

पण आपल्या कक्षासाठी मी वेगळा सल्ला देईन. मुलांच्या फोल्डरांसाठी एनएफएस सोडून सांबा (विंडोजच्या एसएमबी पद्धतीने फोल्डर सामाईक करणारा प्रोग्राम) वापरा. प्रत्येक मुलाला स्वतःचा पासवर्ड द्या आणि लॉगिन करतानाच त्याचे फोल्डर त्याच्याच पासवर्डाने माउंट होऊ द्या. मग पेनड्राइव्हवरून आलेला मुलगा आपल्या यंत्रावर रूट असला तरी दुसऱ्याचा पासवर्ड त्याच्याकडे नसतो. त्या मुलाला मात्र रागावू नका, त्याला कक्षाच्या कामात घ्या.

संत्रा पट्टा

सांबाचा विषय निघालाच आहे तर सावधगिरी सांगतो, कारण तेथेही मूळ मांडणीवर सोडून दिले की फसायला होते. आमच्याकडे वरुड भागात संत्र्याच्या व्यवहाराची नोंद अशाच एका सामाईक फोल्डरवर होते.

लिनक्सवरून माउंट करताना पासवर्ड थेट एफएसटॅबमध्ये लिहू नये. ती फाइल त्या यंत्रावरचा प्रत्येक वापरकर्ता वाचू शकतो. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा, ती रूटच्या मालकीची असावी, तिला 600 (फक्त मालकाला वाचणे-लिहिणे) एवढीच परवानगी असावी आणि एफएसटॅबमध्ये तिचा फक्त मार्ग द्यावा. माउंट झालेल्या फाइलींना कोणती परवानगी दिसावी हेही स्वतः ठरवून लिहावे, नाहीतर त्या यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला त्या वाचता येतील.

दुसरे, आवृत्तीचे. 2017 मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, 4.13 या आवृत्तीपासून मूळची निवड एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवरून पुढे नेली गेली. त्यानंतर जुनी साठवण-यंत्रे ‘यजमान बंद आहे’ अशा अर्थाची चूक दाखवू लागली, आणि जिकडे तिकडे एकच उपाय सांगितला गेला : आवृत्ती 1.0 असे लिहा. ती ओळ आजही कितीतरी एफएसटॅबमध्ये जिवंत आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजमधील याच पहिल्या आवृत्तीच्या त्रुटीतून, आणि मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती मार्चमध्येच दिलेली होती. सांबानेही 2019 मधील 4.11 पासून पहिली आवृत्ती मूळचीच बंद केली. आपल्या फाइलमध्ये 1.0 लिहिलेले असेल तर ते काढून तिसरी आवृत्ती लिहा आणि सोबत ‘सील’ हा पर्याय द्या, म्हणजे मजकूर वायरीवरून जाताना कूटबद्ध राहील.

सांबाच्या मांडणीत पाहुण्यांना प्रवेश देणारी ओळ आहे का तेही पाहा. चुकीचे नाव देणाऱ्याला पाहुणा समजून आत घ्यावे अशी ओळ कित्येक तयार मांडण्यांमध्ये आयती येते.

धुऱ्यावरून

काटाघर भाऊ, आपले उत्तर वाचून काल संध्याकाळी पतसंस्थेत जाऊन पाहिले. आपण म्हणता तसेच घडले, पहिल्याच प्रयत्नात. माझी शंका मागे घेतो.

माझ्याकडे एसएसएचएफएसने (एसएसएच या कूटबद्ध जोडणीतून) माउंट केलेले एक फोल्डर आहे. ते तरी सुरक्षित मानावे का?

जुनी चावी

वायरीपुरते होय, कारण सगळे एसएसएचमधून जाते. पण दुसऱ्या वापरकर्त्यांनाही दिसावे म्हणून ‘अलाऊ अदर’ लिहिले असेल, तर सोबत ‘डिफॉल्ट परमिशन्स’ लिहिले आहे का ते आधी पाहा. ते नसेल तर कर्नल परवानग्या तपासतच नाही. त्या यंत्रावरचा कोणीही माउंट करणाऱ्याच्या अधिकाराने सर्व्हरवर वावरतो. आणि सर्व्हरची किल्ली न तपासण्याचा पर्याय कोणाच्या लेखातून उचलून घातला असेल, तर तो आजच काढा.

काटाघर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभरात काय केले ते नोंदवतो.

लोंबणारी वायर काढून टाकली आणि वाय-फायचे नेटवर्क कार्यालयापासून वेगळे केले. कागदपत्रांचे फोल्डर स्वतंत्र विभाजनावर नेले. टीएलएस या कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीवरून एनएफएस चालवण्याचा मानक 2022 मध्ये आला आहे आणि नव्या कर्नलमध्ये त्याची सोय आहे, पण काटाघरातील संगणकाची प्रणाली जुनी असल्याने तो मार्ग सोडला. त्याऐवजी सर्व्हर आणि दोन्ही संगणक यांच्यामध्ये वायरगार्ड हा कूटबद्ध बोगदा बसवला, आणि एक्स्पोर्ट्समध्ये फक्त त्या बोगद्यातले दोन पत्ते ठेवले. काटाघराला कागदपत्रांचे फोल्डर आता माउंटच होत नाही, त्याला फक्त काटापट्ट्यांचे मिळते. एफएसटॅबमध्ये ‘नोसुइड’, ‘नोडेव्ह’, ‘नोएक्झेक’ लिहिले. वायरगार्डलाही मागे गेलेले घड्याळ चालत नाही, सर्व्हर जुन्या वेळेची हाक जुनी समजून टाकून देतो. म्हणून ताईंना दिलेला सल्ला मीही पाळला आणि काटाघरातील संगणकाचा सेल बदलला.

या कामात एक जुने कोडे उलगडले. गेल्या हंगामात एका दिवसाच्या काटापट्ट्या सर्व्हरवर सापडत नव्हत्या. त्या दिवशी वीज आल्यावर काटाघरातील संगणक सर्व्हरच्या आधी सुरू झाला होता, माउंट झाले नव्हते, आणि प्रोग्रामने सगळ्या नोंदी माउंट-बिंदूच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे काटाघरातल्याच डिस्कवर लिहिल्या होत्या. पुढे माउंट झाले आणि त्या नोंदी त्याच्याखाली झाकल्या गेल्या. माउंट काढल्यावर सगळ्या पट्ट्या तेथेच होत्या, कोणालाही वाचता येतील अशा परवानगीने. आता त्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटर’ आज्ञेने न बदलण्याची खूण लावली आहे. माउंट झाले नसेल तर रूटलाही तेथे लिहिता येत नाही, प्रोग्राम चूक दाखवतो आणि काटेवाला मला फोन करतो.

काम एका ठिकाणी अडले आहे. कार्यालयातील जुना स्कॅनर एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीखेरीज काहीच बोलत नाही, आणि नवीन घेण्यास मालक यंदा तयार नाहीत. तूर्त त्याच्यासाठी एक वेगळा छोटा संगणक ठेवला आहे. स्कॅनर आणि तो संगणक एवढेच एका वेगळ्या स्विचवर आहेत. सर्व्हर दुसऱ्या वायरीने दर दोन मिनिटांनी तेथून कागद उचलतो आणि मूळ प्रत पुसतो. त्या संगणकाला सर्व्हरकडे जाण्याची वाट दिलेली नाही. यापेक्षा बरी सोय कोणाकडे असेल तर अवश्य लिहावे. पहिली गाडी पुढच्या सोमवारी काट्यावर येणार आहे.